कच्चं पीठ, भाजलेलं पीठ आणि वाटीतला कुकी डो

मे महिन्यातली दुपार होती. कूलरच्या ओल्या खसाचा वास घरभर पसरला होता आणि भाची ओट्याशी उभी राहून मोठ्या वाटीत काहीतरी कालवत होती. मैदा, पिठीसाखर, मऊ झालेलं बटर, थोडं दूध आणि वरून चॉकलेटचे दाणे. "काय करून राहिली गं?" विचारलं, तर म्हणाली, "आत्या, कुकी डो. हा भाजायचाच नसते, असाच चमच्यानं खायचा." मैदा कच्चाच आहे ना, असं मी म्हटल्यावर तिचं उत्तर तयार होतं. "अंडं कुठं आहे त्यात? मग काय होते?"

तिचं काही चुकलं नव्हतं. गेली कित्येक वर्षं सगळ्यांनी तिला हेच ऐकवलंय की धोका अंड्यात असतो, आणि आपल्याकडच्या बहुतेक पाककृती तर बिनअंड्याच्याच. पण कुकी डोचा, म्हणजे कुकीच्या न भाजलेल्या गोळ्याचा इतिहास पाहिला की अंड्याशेजारी बसलेला दुसरा आरोपी दिसतो. तो म्हणजे पीठ. त्याच्याकडे कोणाचं लक्षच गेलं नाही, आणि ते जायला दोन हजारचं दशक संपत यावं लागलं.

गोष्ट सुरू होते अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात. व्हिटमन नावाच्या गावी रूथ वेकफील्ड आणि त्यांचे पती 'टोल हाउस इन' ही खाणावळ चालवत. रूथबाईंनी गृहशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलं होतं. १९३० च्या दशकात त्यांनी कुकीच्या पिठात चॉकलेटचे तुकडे घातले आणि चॉकलेट चिप कुकी जन्माला आली. घरातलं चॉकलेट संपलं म्हणून हा शोध चुकून लागला, अशी गोष्ट सगळीकडे फिरते. इतक्या काटेकोर बाईच्या नावावर अपघात टाकणं मला पटत नाही. १९३८ साली ही कृती त्यांच्या पाकपुस्तकात आली, आणि पुढच्याच वर्षी नेस्लेनं खास या कुकीसाठी चॉकलेटचे छोटे दाणे विकायला काढले.

कुकी आली तशी पोरांची वाडगं चाटायची सवयही आली. ती काही फक्त अमेरिकेची नाही. आमच्या लहानपणी दिवाळीच्या आधी घरून मैदा, तूप, पिठीसाखर डब्यात घेऊन बेकरीच्या भट्टीवर जायचं आणि नानकटाई भाजून आणायची, अशी पद्धत होती. नंबर लागेपर्यंत तास-दीड तास जायचा. तेवढ्या वेळात परातीच्या काठाला चिकटलेलं ते तुपकट पीठ बोटानं निपटून खाण्यात आम्हा भावंडांचा फार जीव. कोणी रागावलं तर एवढंच, की "पोटात जंत होतील."

अमेरिकेत या चाटण्याचा पुढे व्यवसाय झाला. तयार, थंड कुकीचं पीठ दुकानात मिळू लागलं. व्हरमाँट राज्यातल्या बेन अँड जेरीज या आइस्क्रीमवाल्यांच्या दुकानात ग्राहकांनी चवी सुचवण्यासाठी एक फळा होता. तिथे कोणीतरी नाव न लिहिता सुचवलं आणि १९८४ मध्ये कुकीच्या कच्च्या गोळ्यांचं आइस्क्रीम निघालं. १९९१ पासून ते डब्यांतून सगळीकडे जाऊ लागलं. न भाजलेली कुकी हा स्वतंत्र खाऊ आहे, हे तेव्हापासून लोकांच्या मनात पक्कं बसलं.

त्याच सुमाराला, ऐंशीच्या दशकात, अंड्यांतून पसरणारा साल्मोनेला हा जिवाणू तिथला मोठा प्रश्न झाला होता. त्यावर उपाय मिळाला तो पाश्चराइज्ड, म्हणजे जिवाणू मरतील इतपतच तापवलेल्या अंड्यांचा. अंड्याचा बंदोबस्त झाला म्हणजे सगळं झालं, असा समज तिथूनच पसरला आणि आपल्याकडे येताना 'अंडं नाही म्हणजे काळजी नाही' असं रूप घेऊन आला.

मग २००९ साल उजाडलं. अमेरिकेच्या ३० राज्यांत मिळून ७७ माणसं ई. कोलाय ओ१५७ या जिवाणूनं आजारी पडली. त्यातल्या ३५ जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं आणि १० जणांना मूत्रपिंडावर परिणाम करणारी गुंतागुंत झाली. सुदैवानं कोणी दगावलं नाही. हा जिवाणू पहिल्यांदा लक्षात आला तो १९८२ मध्ये, हॅम्बर्गरच्या अर्धवट भाजलेल्या मांसातून, त्यामुळे आधी सगळे मांसाच्याच मागे होते. पण आजाऱ्यांत किशोरवयीन मुली फार होत्या, आणि त्यांच्या खाण्यात सामाईक निघालं ते दुकानातलं तयार कुकी डो. काहींनी तर ते घेतलंच होतं कच्चं खाण्यासाठी, भाजण्याचा विचारही नव्हता. तपास करणाऱ्यांनी एकेक घटक तपासला. मुख्य संशय पिठावर आला, पण पक्का पुरावा तेव्हा हाती लागला नाही.

तो लागला २०१६ मध्ये. या वेळी २४ राज्यांत ६३ जण आजारी, आणि जिवाणू थेट गव्हाच्या पिठाच्या पिशवीत सापडला. या तपासातली एक नोंद माझ्या मनातून जात नाही. आजारी पडलेल्यांत काही लहान मुलं अशी होती की ज्यांनी पीठ खाल्लंही नसेल. उपाहारगृहात जेवण येईपर्यंत रमावीत म्हणून त्यांच्या हाती कच्च्या पिठाचा गोळा खेळायला दिला होता. हे वाचलं तेव्हा मला आपल्या घरातली पोळ्यांची वेळ आठवली. पायात घुटमळणाऱ्या पोराला आपण कणकेचा गोळा देतो, ते त्याची चिमणी करतं, साप करतं, आणि तेच बोट तोंडात घालतं. हे मी घाबरवायला सांगत नाही. खेळून झालं की साबणानं हात धुवायचे, एवढीच त्यातली शिकवण, पण ती आपल्या घरात कोणी सांगितलेली नव्हती.

पीठ कच्चं असतं म्हणजे नेमकं काय? गहू शेतात उघड्यावर उभा असतो. गुरं, पक्षी, उंदीर, सगळ्यांचा तिथे वावर. धान्य निवडलं, चाळलं, दळलं, तरी या साखळीत जिवाणू मारणारी पायरी कुठेच येत नाही, कारण पीठ पुढे शिजणारच हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं. चक्कीतून आलेलं दळण हाताला चांगलं गरम लागतं. डब्याचं झाकण उघडं ठेवून ते निववावं लागतं. पण ती ऊब जात्याच्या घर्षणाची, तिनं पीठ शिजत नाही. आणि कोरड्या पिठात जिवाणू वाढत नसले तरी महिनोन् महिने जिवंत राहू शकतात.

पुढे 'हीट-ट्रीटेड' पिठाचा जमाना आला. २०१७ च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये फक्त कच्च्या कुकीच्या पिठाचं दुकान निघालं आणि त्यापुढे रांगा लागल्या. तिथलं पीठ आधीच उष्णतेची प्रक्रिया केलेलं होतं. मग लोक घरी प्रयोग करू लागले. मैदा पाच मिनिटं ओव्हनमध्ये किंवा मायक्रोवेव्हमध्ये ठेवा, ७४ अंश सेल्सिअस झाला की सुरक्षित, असं सांगणाऱ्या पाककृती आजही ढीगभर सापडतात. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन मात्र स्पष्ट सांगतं की घरी असं करू नका, त्यानं कच्चं पीठ खाण्याजोगं होईलच याची खात्री नाही. कारण साधं आहे. ७४ चा आकडा कोंबडीच्या मांसासारख्या ओल्या पदार्थांसाठी आहे. कोरड्या पिठात तेच जिवाणू त्याच उष्णतेला कितीतरी जास्त वेळ टिकाव धरतात. शिवाय पिठाचा ढीग एका बाजूनं करपतो आणि मधे गारच राहतो. कारखान्यात उष्णता, वेळ आणि ओल या तिन्हींवर ताबा असतो.

इथे आपलं स्वयंपाकघर कामी येतं, आणि या विषयात मला सर्वांत जास्त आनंद याच भागाचा आहे. न भाजता गोळा वळून खायचा खाऊ आपल्याला काही नवा नाही. फक्त आपण त्यात आधीच भाजून ठेवलेलं धान्य घालत आलो. सातूचं पीठ घ्या. गहू आणि फुटाण्याची डाळ भाजून दळायची, उन्हाळ्यात गूळ-पाण्यात किंवा दुधात कालवायची, की झालं. चूल पेटवायचं काम नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात वाणीची तुलना चाळणीनं चाळलेल्या 'सक्तू'शी केली आहे, म्हणजे हे भाजकं पीठ तेव्हाही रोजच्या ओळखीचं असणार. बेसनाच्या लाडवालाही तोच नियम. तुपात मंद आचेवर अर्धा तास हलवत राहायचं, कच्चा वास जाऊन खमंग वास येईपर्यंत, पीठ हलकं होऊन तूप सुटेपर्यंत. पिठावर तो बदामी रंग चढायचा तर त्याला पाण्याच्या उकळीपेक्षा बरीच जास्त उष्णता लागते. पाच मिनिटं कोमट केलेला मैदा आणि अर्धा तास भाजलेलं बेसन यांत हाच फरक.

आणि फुटाणे तर त्याहून पुढचे. भडभुंजाकडे कधी थांबून पाहा. हरभऱ्यावर पाणी मारून तो मुरवलेला असतो, मग कढईतल्या धगधगत्या वाळूत पडतो. दाण्याच्या आतल्या ओलीची वाफ होते, साल सुटते, दाणा तडकतो. कोरड्या पिठाला जी ओली उष्णता मिळत नाही, ती इथे दाण्याच्या पोटातच तयार होते. म्हणून कुकी डोसाठी मी मैदा सोडून फुटाण्याच्या डाळीवर आले. आमच्या नागपुरात इतवारीच्या किराणा ओळीत ती मोठ्या पोत्यांतून मिळते. आपल्या गल्लीतल्या दुकानातही मिळते, कोणी तिला डाळवं म्हणतं.

नुसत्या डाळीचा घेतला तर मात्र तो कुकी डो न लागता बेसनाचा लाडू लागतो. भाचीनं पहिला घास घेऊन हेच सांगितलं. तेव्हा अर्धी वाटी डाळीचं पीठ आणि अर्धी वाटी मारी बिस्किटांचा चुरा, असं जमवलं. बिस्किट हे आधीच भाजलेलं पीठ आहे, हे आपण विसरतो. चुरलेल्या बिस्किटांत कोको आणि दूध घालून, मधे खोबरं भरून गुंडाळी करायची आणि फ्रिजमध्ये ठेवून चकत्या कापायच्या, हा प्रकार ओव्हन नसलेल्या घरांनी कधीचाच बसवला होता. यात पाव वाटी बटर, पाव वाटी गुळाची पावडर, चिमूटभर मीठ, व्हॅनिलाचे दोन थेंब आणि उकळून गार केलेलं दूध दोन-तीन चमचे, गोळा जमेल इतपतच. खायचा सोडा घालायचा नाही, फुगवायचं काहीच नाही. हिवाळ्यात आंबिया बहाराची संत्री आली की साल धुऊन तिचा थोडा कीस. चॉकलेटशी तो फार छान जमतो.

दोन ठिकाणी चूक होते आणि दोन्ही वरून दिसत नाहीत. पहिली चक्कीची. भाजलेली डाळ चक्कीवर दिली तर आधीच्या गिऱ्हाइकाची कच्ची कणीक जात्यात शिल्लक असते, ती आपल्या भाजक्या पिठात उतरते. थालीपिठाची भाजणी असेल तर ती नंतर तव्यावर शिजते, काही बिघडत नाही. इथे पुढे तवा नाहीच. म्हणून डाळ घरच्या कोरड्या मिक्सरमध्येच दळायची. दुसरी चूक परातीची. सकाळी कणीक मळलेली परात नुसती पुसून घेऊन तिच्यातच हे कालवलं, की केलेलं सगळं वाया.

आणि आपल्या गावचं ऊन. मे २०१३ मध्ये नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. चॉकलेटमधलं कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं, म्हणजे दुपारच्या स्वयंपाकघरात दाणे वाटीत पडायच्या आधीच चिकट होतात. आम्ही आता हे काम सकाळी सहाला करतो, दाणे तासभर फ्रिजरमध्ये ठेवून. बाजारातले काही दाणे वितळत नाहीत, कारण त्यांत कोको बटरऐवजी वनस्पती तेल असतं. पाकिटाची मागची बाजू वाचली की कळतं. गोळे वळले की लगेच झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये. दूध घातलेलं असल्यानं दोन दिवसांत संपवायचे.

परवा भाचीनं शाळेत डब्यातून नेले. बाईंनी विचारलं, कशाचे आहेत? तर म्हणाली, "फुटाण्याचे."