वाफेची पेटी हवाबंद करू नका

लाकूड वाकवायची वाफेची पेटी जितकी हवाबंद, तितकं लाकूड लवकर मऊ होतं, असं सर्रास सांगितलं जातं. हे चूक आहे, आणि धोक्याचंही. लाकडाचे तंतू धरून ठेवणारं लिग्निन मऊ होतं ते उष्णतेने. त्याला 100 अंश सेल्सिअसची, बिनदाबाची ओली वाफ पुरते. 25 मिलिमीटर जाडीला साधारण तासभर. पेटीच्या तळाला भोक हवंच. तिथून पाणी ठिबकत राहावं, वाफेची धार सतत दिसावी. कुकरमध्ये दाबामुळे तापमान 120 अंशांच्या आसपास जातं, हे खरं. पण कुकर काय किंवा बॉयलर काय, दाब सोसायलाच घडवलेले असतात, शिवाय सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. प्लायवूडच्या पेटीचं भोक बुजवलंत, तर ती फुटून वाफ थेट अंगावर येऊ शकते.