शीर म्हणजे नेमकी कुठली?

आमच्या घरात पायाच्या सगळ्या दुखण्यांना एकच धनी, शीर. टाच दुखली की शीर आखडली, पिंढरीत गोळा आला की शिरेवर शीर चढली, मुंग्या आल्या की शीर दबली. रक्त तपासायला सुई टोचतात तीही शीरच. मागच्या पावसाळ्यात माझ्या उजव्या घोट्याच्या आतल्या बाजूला ठणकायला लागलं, तेव्हा मीही ‘शीर धरलीय’ म्हणून मोकळी झाले. शीर धरली की ताणायची, एवढं सगळ्यांना माहीत असतं. भिंतीला हात लावून, पंजा वर करून, रोज सकाळ-संध्याकाळ ताणत राहिले. चार महिन्यांत दुखणं घोट्यावरून तळव्यात उतरलं आणि रात्री झोपमोड करायला लागलं.

हा घोळ एकट्या मराठीचा नाही. ग्रीक भाषेत ‘न्यूरॉन’ हा शब्द आधी स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीसारख्या कंडरेला, धनुष्याच्या प्रत्यंचेलाही होता, चेतातंतूंना, म्हणजे नर्व्हना, तो नंतर चिकटला. आपल्याकडे ‘स्नायू’ची गत आणखी मजेशीर आहे. सुश्रुताच्या संहितेत तो बांधून ठेवणारा दोर, मराठीत मांसपेशी, तर बंगालीत चेतातंतू! दुखणी मात्र सुश्रुतानं नीट वेगळी ठेवली होती. पाय झोपल्यासारखा बधिर होऊन झिणझिणतो तो पादहर्ष, आग होते तो पाददाह, आणि वेडंवाकडं पाऊल पडून घोट्यात काट्यासारखं सलतं तो वातकंटक.

आता घोट्याच्या आतल्या बाजूच्या उंच हाडाच्या मागे बोट ठेवा आणि पंजा खाली दाबून आत वळवा. बोटाखाली एक दोर टणक होतो. ही टिबियालिस पोस्टिरियर नावाच्या स्नायूची कंडरा, म्हणजे टेंडन. पावलाची कमान उचलून धरायचं काम मुख्यतः हिचं. तिच्याच शेजारून आणखी दोन कंडरा, एक धमनी, तिच्या शिरा आणि तळव्याकडे जाणारा टिबियल चेतातंतू असा सगळा लवाजमा एका अरुंद बोगद्यातून जातो. त्याला टार्सल टनेल म्हणतात. खाली हाड, वर चिवट पट्टा, त्यामुळे आत कुणी सुजलं तर बाकीच्यांना सरकायला जागा नाही. माझी कंडरा सुजली होती आणि चेंगरत होता तो शेजारचा चेतातंतू. म्हणजे दोर आणि वायर, दोन्ही एकदम बिघडलेले. आणि पंचाईत अशी की दोघांचे उपाय बरेचसे उलटे आहेत.

कंडरा म्हणजे कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांचा वळलेला दोर. तिला रक्तपुरवठा बेताचा, आणि ती किती संथ असते याचा पुरावा अणुबॉम्बनं दिला. 1955 ते 1963 या काळातल्या चाचण्यांमुळे हवेतला कार्बन-14, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, एकदम वाढला, मग हळूहळू उतरत गेला. त्यामुळे शरीरातला एखादा भाग कुठल्या वर्षी घडला, हे त्यातल्या कार्बनवरून ताडता येतं. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी टाचेमागच्या अकिलीस टेंडनचे नमुने असे तपासले. 2013 साली आलेला निष्कर्ष असा की कंडरेचा गाभा वयाच्या सतराव्या वर्षापर्यंत तयार होतो आणि पुढे जवळपास बदलतच नाही. चाळिशीतला माणूस आपल्या दहावी-बारावीतल्याच दोरावर चालत असतो!

अशी कंडरा दुखायला लागली की सगळे विश्रांती सांगतात. पण नुसत्या विश्रांतीनं ती आणखी नाजूक होते. स्वीडनमधले अस्थिशल्यविशारद हाकान आल्फ्रेडसन यांची गोष्ट या क्षेत्रात सगळे एकमेकांना सांगतात. त्यांचीच टाच दुखत होती आणि वरिष्ठ शस्त्रक्रिया करायला तयार नव्हते. मग कंडरा तुटली तरी चालेल, निदान शस्त्रक्रिया तरी होईल, या इराद्यानं ते दुखत्या पायावर जोर देत राहिले. झालं उलटंच, पाय बरा झाला. 1998 साली त्यांनी 15 हौशी धावपटूंवर हा प्रयोग प्रसिद्ध केला. पायरीच्या कडेवर चवड्यावर उभं राहायचं आणि टाच सावकाश खाली सोडायची. एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा वाकवून, दिवसातून दोनदा, 12 आठवडे. सगळे पुन्हा धावायला लागले. कंडरेला भार हवा असतो, मात्र मोजून आणि हळूहळू वाढवत नेलेला.

चेतातंतूचं तसं नाही. त्याला सतत रक्त लागतं आणि सरकायला जागा लागते. 1973 साली स्वीडनमध्येच सशाच्या पायातला नेमका हाच टिबियल चेतातंतू ताणून पाहिला गेला. लांबी साधारण आठ टक्के वाढली तेव्हा त्यातलं रक्त अडायला लागलं, पंधरा टक्क्यांच्या आसपास पूर्ण थांबलं. हे वाचल्यावर मला माझा भिंतीवरचा व्यायाम आठवला. पंजा वर केला की हा चेतातंतू घोट्यामागे ताणला जातो. मी चार महिने नेमकं तेच करत होते, तेही निष्ठेनं.

दोन दुखण्यांची बोलीही वेगळी असते. कंडरेचं दुखणं एका बोटानं दाखवता येतं. सकाळची पहिली पावलं जड जातात, मग जरा बरं वाटतं, जास्त चाललं की संध्याकाळी भरून येतं. चेतातंतूचं दुखणं दाखवताना माणूस तळव्यावरून अख्खा हात फिरवतो. आग होते, करंट लागतो, चादरीचा स्पर्शही नको होतो, आणि पाय विसावला असतानाच, म्हणजे रात्री, जास्त छळतं. माझ्या फिजिओथेरपिस्टनी घोट्याच्या हाडामागे बोटानं हलक्या टिचक्या मारल्या. चौथ्या टिचकीला अंगठ्यापर्यंत सणक गेली. फ्रेंच डॉक्टर टिनेल यांनी 1915 साली वर्णन केलेली ही खूण आजही बिनखर्चाची आहे. ‘ताई, ताणणं आजपासून बंद,’ एवढंच त्या म्हणाल्या.

मग क्रम ठरला. आधी चेतातंतूला जागा. बुटात कमानीखाली आधार, घरातही सपाट स्लिपर नाही, एका दमात तासभर चालायच्या ऐवजी वीस-वीस मिनिटं. रात्रीची आग शमली तेव्हा कंडरेची पाळी. ओट्याला धरून दोन्ही टाचा उचलायच्या, तीन मोजत वर, तीन मोजत खाली. कंडरा थोडी कुरकुरली आणि दुसऱ्या सकाळी निवळली तर चालतं. करंट लागला तर मात्र तिथेच थांबायचं. वेदनाशामक गोळ्यांचंही असंच. साध्या गोळ्या चेतातंतूच्या आगीवर फारशा चालत नाहीत, त्यासाठी डॉक्टर प्रीगाबॅलिनसारखी वेगळी औषधं देतात.

दोन्ही तळपायांची एकसारखी आग होत असेल तर बोगद्याचा संशय मागे ठेवा आणि आधी साखर व जीवनसत्त्व बी-12 तपासा. शाकाहारी असाल किंवा बरीच वर्षं मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर नक्कीच. आणि सिप्रोफ्लॉक्सासिन, लेवोफ्लॉक्सासिन या गटातली प्रतिजैविकं चालू असताना टाचेमागे दुखायला लागलं तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना लगेच कळवा. या औषधांनी कंडरा तुटू शकते, म्हणून 2008 साली अमेरिकेच्या औषध नियामकांनी त्यांच्यावर ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला.

माझा आता सातवा महिना. उजव्या एका पायावर टाच अकरा वेळा उचलता येते, डाव्यावर बावीस. टिचकी अजून मारून बघते. सणक टाचेपर्यंत येते, अंगठ्यापर्यंत जात नाही.