घरगुती बायोगॅस संयंत्राचे अनुदान : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने 2 नोव्हेंबर 2022 रोजी जाहीर केलेल्या राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमात, रोज 1 ते 25 घनमीटर गॅस देणाऱ्या लहान संयंत्रांसाठी आकारानुसार 9,800 ते 70,400 रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद करण्यात आली. सर्वसाधारण गटातील शेतकऱ्यासाठी 2 ते 4 घनमीटरच्या संयंत्राच्या अनुदानाचा दर 14,350 रुपये ठरला, आणि संयंत्राला शौचालय जोडल्यास 1,600 रुपये अधिक देण्याचे ठरले. या मार्गदर्शक सूचनांची मुदत 31 मार्च 2026 पर्यंतची असल्याने चालू वर्षाचे दर व उद्दिष्ट (किती संयंत्रे मंजूर व्हायची तो आकडा) पंचायत समितीत आधी विचारून घ्यावे.

पात्रतेतील कळीचा मुद्दा जनावरांचा आहे. 1 घनमीटर गॅससाठी रोज सुमारे 25 किलो ताजे शेण आणि जवळपास तेवढेच पाणी लागते. म्हणजे चार-पाच माणसांच्या घराला पुरणाऱ्या 2 घनमीटरच्या संयंत्रासाठी गोठ्यात रोज 50 किलो शेण जमले पाहिजे. अनुदानाचा आकडा पाहून मोठे संयंत्र मागणे हा चुकीचा हिशेब आहे, कारण पोट न भरलेले संयंत्र पुरेसा गॅस देत नाही आणि काही काळाने वापराविना पडून राहते. उसाचे पाचट किंवा गव्हाचे काड दीनबंधू पद्धतीच्या, म्हणजे जमिनीखाली पक्का घुमट बांधलेल्या घरगुती संयंत्रात टाकू नये. ते वर तरंगते, त्याचा थर जमतो आणि गॅसची वाट अडते. पिकांचे अवशेष, नेपियर गवत किंवा साखर कारखान्याची मळी (प्रेसमड) यांवर गॅस करायचा असेल, तर तो मोठ्या प्रकल्पाचा विषय आहे. त्यासाठी 2018 मध्ये सुरू झालेली 'सतत' योजना असून, तयार होणारा संपीडित (शुद्ध करून दाबाखाली भरलेला) बायोगॅस सरकारी तेल कंपन्या विकत घेतात.

घरगुती संयंत्राच्या अर्जासोबत सामान्यतः आधार कार्ड, आधारशी जोडलेल्या बँक खात्याच्या पासबुकाची प्रत, सातबारा व आठ-अ उतारा किंवा जागेच्या मालकीचा पुरावा आणि छायाचित्र द्यावे लागते. अनुसूचित जाती-जमातीच्या अर्जदारांनी जातीचा दाखलाही जोडावा. सातबारा सामायिक असेल तर इतर खातेदारांची लेखी संमती आधीच घेऊन ठेवलेली बरी, कारण अर्ज बहुधा इथेच अडकतो.

महाराष्ट्रात ही योजना जिल्हा परिषदेच्या कृषी विभागामार्फत राबवली जाते, त्यामुळे अर्ज पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. जागा पाहताना ती गोठ्याजवळ, स्वयंपाकघरापासून फार दूर नसलेली, दिवसभर ऊन मिळणारी आणि विहिरीपासून पुरेशा अंतरावर आहे का, हे तपासावे. मंजुरीचे पत्र हाती येईपर्यंत खड्डा खणू नये. बांधकाम प्रशिक्षित गवंड्याकडूनच करून घ्यावे, कारण घुमटाला बारीक चीर राहिली तरी गॅस निसटतो आणि ती नंतर शोधणे फार अवघड जाते.

अनुदान आगाऊ मिळत नाही. संयंत्र पूर्ण होऊन तपासणी झाल्यावर ते थेट खात्यात जमा होते, म्हणून साहित्य व मजुरीची पदरची तजवीज आधी करावी आणि सर्व पावत्या जपून ठेवाव्यात.