पार्श्वभूमी : मेसॉनिक लॉजची पंगत आणि तिच्यावरचा वाद

फ्रीमेसनरी ही गुप्त विधी पाळणारी बंधुसंघटना; तिच्या स्थानिक शाखेला ‘लॉज’ आणि सभासदाला ‘बंधू’ म्हणतात. मुंबईच्या फोर्ट भागातील मेसॉनिक इमारतीत लॉजची सभा संपली की सभासद एप्रन काढून ठेवतात आणि जेवणाच्या दालनाकडे वळतात. हा क्रम आता इतका अंगवळणी पडला आहे की जेवण म्हणजे सभेला जोडलेले शेपूट, असे पुष्कळ सभासदांनाही वाटते. मूळची व्यवस्था मात्र अशी नव्हती. जेवण हे सभेच्या आतच होते. ते बाहेर आले ते शंभराहून अधिक वर्षांच्या बदलांनंतर, आणि ते आत मानायचे की बाहेर या प्रश्नाला सर्वांत तीव्र रूप आले ते हिंदुस्थानात, जेथे शेजारी बसून जेवणे हीच मुळात साधी गोष्ट नव्हती.

लंडनमधील ज्या चार लॉजेसनी १७१७ साली एकत्र येऊन पहिली मध्यवर्ती संस्था उभारल्याचे परंपरा सांगते (काही अलीकडचे अभ्यासक हे साल १७२१ मानतात), त्या चारही लॉजेस ज्या मद्यगृहांत भरत त्यांच्याच नावांनी ओळखल्या जात. त्यांपैकी ‘गूज अँड ग्रिडायरन’ हे सेंट पॉल कॅथीड्रलच्या आवारालगत होते. स्वतंत्र सभागृह कोणाकडेच नव्हते. एकाच खोलीत मध्यभागी लांब मेज, भोवती सभासद, आणि दीक्षाविधीच्या वेळी जमिनीवर खडूने व कोळशाने काढलेली आकृती, जी विधी झाल्यावर फडक्याने पुसून टाकली जाई, एवढाच सारा थाट असे. १७२३ च्या पहिल्या छापील नियमावलीत धर्म व राजकारण यांवरील भांडणे लॉजच्या दारात आणू नयेत हे प्रसिद्ध बंधन आहे. ते सर्वांना पाठ असते. पण ते विधीच्या नियमांत नसून, सभा आटोपल्यावर मंडळी एकत्र बसलेली असताना कसे वागावे या कलमात आहे, ही बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. याच कलमात असेही म्हटले आहे की कोणत्याही बंधूला त्याच्या इच्छेपलीकडे खाण्यापिण्याचा आग्रह करू नये आणि त्याला घरी जायचे असेल तर अडवू नये. पंगतीतल्या आग्रहात वाढलेल्या मराठी वाचकाला हे कलम विशेष वाटेल. सलोख्याचा जो नियम या चळवळीचे वैशिष्ट्य मानला जातो, तो जेवणाच्या मेजासाठी लिहिला गेला होता.

पुढचा सगळा घोळ ‘रिफ्रेशमेंट’ या एका शब्दाने केला आहे. लॉजच्या परिभाषेत सभा दोन स्थितींत असू शकते : ‘लेबर’, म्हणजे काम, आणि ‘रिफ्रेशमेंट’, म्हणजे विसावा. कामाच्या वेळी पश्चिमेला बसणाऱ्या सीनियर वॉर्डन या पदाधिकाऱ्यापुढचा लहान स्तंभ उभा असतो आणि दक्षिणेला बसणाऱ्या ज्युनियर वॉर्डनपुढचा आडवा. विसावा जाहीर झाला की याच्या उलट होते, कारण विसाव्याच्या काळातील देखरेख ज्युनियर वॉर्डनकडे असते. यात महत्त्वाचे हे की विसाव्यात लॉज बंद होत नाही. ती उघडीच असते, फक्त थांबलेली असते. अठराव्या शतकात या विसाव्यातच जेवण, गाणी, टोस्ट (कोणाच्या तरी नावाने सर्वांनी पेला उचलून पिणे) आणि प्रश्नोत्तररूपी पाठ चालत, म्हणजे जेवणारा माणूस त्या क्षणीही लॉजमध्येच असे. फ्रान्समध्ये या मेजाला लष्करी बोलीच जडली : पेला म्हणजे तोफ, मद्य म्हणजे दारूगोळ्याची पूड, सुरी म्हणजे तलवार, मीठ म्हणजे वाळू. इंग्लंडमध्ये जाड बुडाचे छोटे पेले एकाच वेळी मेजावर आपटून टोस्टला ‘फायर’ देण्याची रीत होती, ती आजही आहे.

लंडनच्या मध्यवर्ती संस्थेने १७७६ मध्ये स्वतःचे सभागृह बांधले आणि २७ डिसेंबर १८१३ रोजी दोन प्रतिस्पर्धी संस्थांचे एकीकरण झाले. त्यानंतर विधी एकसारखे करण्यावर भर आला आणि मेज हळूहळू विधीच्या खोलीतून बाहेर गेले. पुढच्या काळात लॉजेस मद्यगृहे सोडून स्वतःच्या इमारतींत जाऊ लागल्या, तसतसे हे विभाजन पक्के झाले. इंग्लिश पद्धतीत आता लॉज रीतसर बंद होते आणि त्यानंतर ‘फेस्टिव्ह बोर्ड’ भरतो, म्हणजे विधीतला ‘रिफ्रेशमेंट’ आणि सभेनंतरचे जेवण या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या, पण बोलताना दोन्हींना एकच शब्द वापरला जात राहिला. स्कॉटिश लॉजेसमध्ये याच बैठकीला ‘हार्मनी’ म्हणतात आणि ऑस्ट्रेलियातील काही भागांत ज्युनियर वॉर्डनच्या दिशेवरून ‘साउथ’. नावे वेगळी असली तरी प्रश्न तोच राहतो : या मेजावर जो बसत नाही, तो लॉजमध्ये पुरता आहे की नाही?

हिंदुस्थानात हा प्रश्न लगेच उठला नाही, कारण कलकत्त्यात १७३० च्या सुमारास आणि मुंबईत १७५८ साली लॉजेस निघाल्या तेव्हा त्या कंपनीच्या नोकरांच्या, व्यापाऱ्यांच्या आणि लष्करी अधिकाऱ्यांच्याच होत्या. १७७० च्या दशकात कर्नाटकच्या नवाबाच्या मुलाला त्रिचनापल्लीत दीक्षा मिळाली, पण तो राजकीय मैत्रीचा अपवाद होता. खरी सुरुवात मुंबईत झाली. एका प्रतिष्ठित पारशी गृहस्थाचा अर्ज युरोपीय सभासदांच्या लॉजने नाकारला. त्याने पुढे पॅरिसमध्ये दीक्षा घेतली. आणि डिसेंबर १८४३ मध्ये एका स्कॉटिश डॉक्टरच्या पुढाकाराने भारतीयांना प्रवेश मिळावा या स्पष्ट हेतूने मुंबईत स्कॉटिश मध्यवर्ती संस्थेच्या सनदेखाली स्वतंत्र लॉज स्थापन झाली. तिचे पहिले भारतीय सभासद पारशी आणि मुसलमान होते. ही गोष्ट केवळ योगायोगाची नव्हती. एकेश्वरी श्रद्धेची अट त्यांना अडचणीची नव्हती, आणि युरोपीय माणसाबरोबर जेवल्यास बहिष्कृत होण्याची धास्तीही नव्हती.

हिंदूंचा प्रश्न या दोन्ही अंगांनी अडला. ‘अनेक देव मानणारा माणूस परमेश्वरावर श्रद्धा असल्याची शपथ कशी घेणार’ हा आक्षेप पुष्कळदा उद्धृत होतो, आणि वादाचे वर्णन करणारे तिथेच थांबतात. त्याच्याइतकाच वजनदार दुसरा आक्षेप होता तो जातीचा. जो आपल्या शेजारी बसून भाकर मोडणार नाही, ज्याला आपल्या स्पर्शाने विटाळ होतो, त्याला बंधू म्हणण्यात अर्थ काय, असा त्याचा रोख होता. लंडनहून आलेला कौल सर्वसाधारणपणे उदार होता, पण बंगाल प्रांतातील एका पोटनियमामुळे आशियाई उमेदवारांचा मार्ग अडवून ठेवता येत असे, आणि त्याच्या आधारे एका बंगाली हिंदू गृहस्थाचा अर्ज वर्षानुवर्षे लांबवला गेला. अखेर १८७२ मध्ये त्याला कलकत्त्यात दीक्षा मिळाली.

या वादात जातीचा आक्षेप घेणाऱ्यांची भूमिका वरवर पाहता तर्कशुद्ध वाटते, पण ती मेज आत की बाहेर या जुन्या गोंधळावर उभी होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. १८१३ नंतर जेवण लॉज बंद झाल्यावर होत असेल, तर सभासदत्वासाठी ते घेणे बंधनकारक असू शकत नाही. आणि मेज अजून लॉजचाच भाग मानायचे असेल, तर त्याच मेजासाठी १७२३ मध्ये लिहिलेला, इच्छेपलीकडे कोणाला खायला लावू नये हा नियमही मान्य करावा लागतो. दोन्ही बाजूंनी पाहिले तरी न जेवणाऱ्याला अपात्र ठरवता येत नव्हते. शिवाय जे युरोपीय सभासद भारतीयांना क्लबांत पाऊलही ठेवू देत नव्हते, त्यांच्या समाजाकडून सहभोजनाची ही अट यावी, हे समतेच्या आग्रहाशी जुळत नाही.

प्रत्यक्षात व्यवहाराने वाट काढली. मुंबईत जन्मलेल्या आणि १८८६ मध्ये लाहोरात दीक्षा घेतलेल्या एका इंग्रजी कवीने १८९० च्या दशकात आपल्या लॉजवर जी कविता लिहिली, तिच्यात ही वाट स्पष्ट दिसते : एखाद्या बंधूची जात बुडू नये म्हणून तेथे मेजवानी देण्याचे धाडस कोणी करत नसे, आणि काम संपल्यावर मंडळी नुसती धूम्रपान करत बसत. ही तडजोड मनापासूनची होती, पण ती पूर्ण नव्हती. त्याच कवितेत एक पारशी आणि एक शीख बंधू आहे. सनातनी पारशी अग्नीच्या पावित्र्यासाठी तंबाखू टाळतो आणि शीख परंपरेत ती निषिद्ध आहे. सर्वांना सामावणारे मेज मांडायचे तर केवळ जेवण काढून टाकणे पुरेसे नव्हते.

महाराष्ट्रातील वाचकाला या काळाची तीव्रता दोन परिचित घटनांवरून कळेल. १८४९ च्या सुमारास मुंबईत निघालेल्या एका गुप्त सुधारक सभेत नव्या सभासदाला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे आणि मुसलमानाने आणलेले पाणी प्यावे लागे. सभासदांची यादी बाहेर फुटल्याने १८६० मध्ये ती सभा मोडली. या सभेचे मेसॉनिक लॉजशी थेट नाते दाखवता येत नाही, पण तुलना बोलकी आहे. लॉजमध्ये विधी गुप्त होता आणि जेवण ऐच्छिक; या सभेत जेवण हाच विधी होता आणि तेच गुपितही. दुसरी घटना १८९० ची, पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमधील चहाची, जिच्यामुळे ग्रामण्य (जातिबहिष्काराचा वाद) उभे राहिले आणि शंकराचार्यांपर्यंत जाऊन प्रायश्चित्ताचा प्रश्न निघाला. एका पेल्यावरून पुण्यात असे घडत असताना, हिंदू सभासदाने लॉजच्या मेजावर बसणे ही त्याच्या घरच्यांसाठी केवढी जोखीम होती, हे वेगळे सांगायला नको. लोकांमध्ये लॉजच्या इमारतीला ‘जादूघर’ म्हणत. आत काय चालते याच्या कुतूहलात आत काय खातात याचा संशयही असणारच.

विसाव्या शतकात जातीचा प्रश्न मागे पडला आणि पेल्यात काय हा प्रश्न पुढे आला. ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच मद्यवर्जित लॉजेस निघाल्या होत्या, त्यामुळे साध्या पाण्याच्या टोस्टला पूर्वाधार होता. पण मुंबई राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने जो बदल आला तो निवडीचा नव्हता. परवाना व्यक्तीला मिळे, मेजाला नाही. मेज हे सर्वांनी एकाच वेळी पेला उचलण्याचे ठिकाण असल्याने, थोड्यांच्या परवान्यावर टोस्टची रीत चालू शकत नव्हती. पेला आपटण्याची लय मात्र पेल्यात काय आहे यावर अवलंबून नाही.

१९५० मध्ये देश प्रजासत्ताक झाल्यावर, पहिला टोस्ट राजाच्या नावाचा उचलणाऱ्या परंपरेला आपला क्रम पुन्हा पाहावा लागला. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी नवी दिल्लीत स्वतंत्र भारतीय मध्यवर्ती संस्था स्थापन झाली. काही लॉजेस तिच्यात गेल्या, तर काहींनी इंग्लिश, स्कॉटिश किंवा आयरिश सनद कायम ठेवली. नव्या संस्थेने वेदीवर अनेक धर्मांचे ग्रंथ एकत्र ठेवण्याची रीत स्वीकारली, आणि हाच विचार स्वयंपाकघरातही लागू होतो. शाकाहारी आणि मांसाहारी पाने वेगळी वाढायची, गोमांस आणि डुकराचे मांस दोन्ही टाळायचे, जैन सभासदासाठी कांदा-लसूण नसलेले ठेवायचे, हे मिश्र मेजाचे भारतीय गणित असते, आणि ते सांभाळणारा स्टीवर्ड हा विधीतल्या कोणत्याही पदाधिकाऱ्याइतकाच महत्त्वाचा माणूस असतो. त्याच्या पदाचा उगमही अठराव्या शतकातील वार्षिक मेजवानीच्या व्यवस्थेतूनच झाला आहे.

इंग्लिश रीतीच्या मेजावर रात्री नऊ वाजता, घड्याळाचे काटे काटकोनात आले की, गैरहजर बंधूंसाठी टोस्ट होतो. शेवटचा टोस्ट सभेच्या वेळी दाराबाहेर पहारा देणाऱ्या टायलरच्या नावाने ओळखला जातो. त्यात जमिनीवर व समुद्रावर विखुरलेल्या दुःखी, गरजू बंधूंना लवकर दिलासा मिळो आणि त्यांची इच्छा असल्यास ते सुखरूप मायदेशी परतोत, अशी कामना केलेली असते. १७५८ च्या मुंबईत ती सहा महिन्यांच्या समुद्रप्रवासापलीकडचे घर आठवणारे इंग्रज करत असत. आज तीच कामना मुंबईच्या मेजावर ज्यांच्यासाठी केली जाते, त्यांतले कित्येक बंधू लंडन, दुबई आणि न्यू जर्सीत असतात.