राणीच्या बागेतील प्राणिजातींचे बदल

मुंबईत भायखळा येथे असलेले वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान व प्राणिसंग्रहालय, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेली राणीची बाग, येथे पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांच्या जातींमध्ये स्थापनेपासून आजवर झालेली भर, घट आणि अदलाबदल हा या नोंदीचा विषय आहे. बाग मुंबई महानगरपालिकेच्या मालकीची असून तिचे क्षेत्र सुमारे ५३ एकर आहे. शहराच्या मध्यभागी, चहूबाजूंनी वस्तीने वेढलेली ही जागा वाढवणे अवघड असल्यामुळे येथे नवी जात आणायची म्हणजे तिच्यासाठी कुणाची तरी जागा मोकळी करावी लागते. येथील बहुतेक बदलांचे मूळ या एका अडचणीत सापडते.

बागेचे उद्घाटन १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते झाले, तेव्हा ती वनस्पतिउद्यान होती. ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था तिची देखभाल करीत असे; १८७३ मध्ये बाग नगरपालिकेच्या ताब्यात आली. प्राणी हे या बागेत झाडांच्या मागून आलेले रहिवासी आहेत, ही गोष्ट पुढचा सारा इतिहास वाचताना ध्यानात ठेवावी लागते. त्या काळच्या प्राणिसंग्रहालयांची रीत अशी होती की, जितक्या जास्त जाती तितका संग्रह मोठा मानला जाई, आणि प्रत्येक जातीचे एक-दोन नमुने पिंजऱ्यात असले म्हणजे काम भागे. सिंह, वाघ, हत्ती, गेंडा, पाणघोडा, माकडे, हरणे आणि नाना पक्षी ही या रीतीनेच जमलेली मंडळी होती. मुंबईतल्या अनेक पिढ्यांनी आयुष्यातला पहिला वाघ राणीच्या बागेत पाहिला, हत्तीवरची पहिली रपेटही तिथेच केली. त्या आठवणी गोड आहेत, पण ज्या पिंजऱ्यांभोवती त्या जमल्या त्यांत गज, सिमेंटची फरशी आणि पाण्याचे एक टाके यांपलीकडे फारसे काही नव्हते, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे.

जातींच्या यादीत काय असावे हे ठरवण्याची मोकळीक कायद्याने हळूहळू कमी केली. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे जंगलातून प्राणी पकडून आणण्याचा जुना मार्ग बंद झाला. याच अधिनियमात १९९१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने प्राणिसंग्रहालयांसाठी स्वतंत्र प्रकरण घातले गेले आणि त्यानुसार १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले. प्राधिकरणाच्या मान्यतेशिवाय देशात कोणतेही प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही, आणि अनुसूचित, म्हणजे या अधिनियमाच्या संरक्षित याद्यांत नाव असलेले, प्राणी देणे-घेणे असेल तर प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. एकटा पडलेला प्राणी दीर्घकाळ तसाच ठेवू नये, त्याला एका वर्षाच्या आत जोडीदार मिळवून द्यावा अथवा जोडी जमेल अशा दुसऱ्या संग्रहालयात पाठवावे, असा दंडक नियमांत आहे. जागा थोडी असलेल्या शहरी संग्रहालयाला या एका कलमाने आपली यादी नव्याने मांडायला लावली, कारण दहा जातींचे दहा एकांडे प्राणी ठेवण्याऐवजी चार जातींची नांदती कुटुंबे ठेवणे हाच त्याचा सरळ अर्थ होता.

हत्तींची गोष्ट याच संदर्भात समजून घ्यावी. नोव्हेंबर २००९ मध्ये प्राधिकरणाने प्राणिसंग्रहालये आणि सर्कशी यांतील हत्ती वनखात्याच्या हत्तीतळांवर वा अभयारण्यांच्या परिसरात हलवावेत असा आदेश काढला. दिवसातून कित्येक मैल चालणाऱ्या आणि कळपात राहणाऱ्या प्राण्याला शहरातल्या आवारात ठेवणे योग्य नाही, ही त्यामागची भूमिका होती. राणीच्या बागेत लक्ष्मी आणि अनारकली या दोन हत्तिणी दीर्घकाळ होत्या. मुंबईकरांना त्या नावानिशी ठाऊक होत्या. वय झालेल्या, एकाच माहुताच्या हाताला आणि एकाच जागेला सरावलेल्या हत्तिणींना हलवायचे की जिथे आहेत तिथेच त्यांचे उरलेले आयुष्य सुखाचे करायचे, हा प्रश्न कागदावर वाटतो तेवढा सोपा नसतो. नव्या हत्तींची भरती मात्र थांबली, आणि जात यादीतून जाण्याचा हा एक प्रकार आहे: कुणीही कुठे पाठवले जात नाही, जे आहेत त्यांच्यामागे नवे येत नाहीत.

सिंहांच्या बाबतीत कारण वेगळे होते. देशातील अनेक संग्रहालयांत सर्कशीतून आलेल्या आफ्रिकी सिंहांशी आशियाई सिंहांचा संकर झालेला होता. अशा मिश्र वंशाची पैदास वाढवल्याने गीरच्या सिंहांच्या संवर्धनाला काडीचाही उपयोग नाही, म्हणून त्यांची पैदास थांबवण्याचे धोरण आले. म्हातारे होत गेलेले सिंह एकामागून एक गेले आणि त्यांच्या जागी शुद्ध वंशाची जोडी मिळेपर्यंत पिंजरे रिकामे राहिले. राणीच्या बागेतील वाघही याच सुमारास संपले. सुट्टीच्या दिवशी मुलाला खांद्यावर घेऊन आलेला बाप रिकाम्या खंदकाच्या कठड्याशी थांबून ‘वाघ कुठाय?’ असे विचारी, तेव्हा त्याला देण्याजोगे उत्तर बागेपाशी नव्हते. या काळाला सरसकट ऱ्हासाचा काळ म्हणण्याचा प्रघात आहे. व्यवस्थापनातील ढिलाई त्याला कारण होती हे नाकारता येत नाही, परंतु ज्या आवारात वाघ ठेवूच नये अशा आवारात तो नव्हता, ही त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे.

बागेचा कायापालट करण्याचा मोठा आराखडा २००७ च्या सुमारास पुढे आला. परदेशी प्राणी आणि त्यांच्या खंडांनुसार सजवलेली दालने हे त्याचे मुख्य आकर्षण होते. बागेतील जुनी झाडे, त्यांत गोरखचिंच, कैलासपती आणि दुर्मिळ उर्वशी यांसारखे वृक्ष आहेत, या बांधकामात सापडतील म्हणून नागरिकांनी राणीची बाग वाचवण्याची चळवळ उभी केली, आणि वारसा संवर्धन समितीनेही आक्षेप घेतले. अखेर आराखड्याला बरीच कात्री लागली. या झाडांवर वटवाघळे, घारी आणि पोपट राहतात. ते कुणी आणलेले नाहीत आणि संग्रहालयाच्या नोंदवहीतही त्यांची मोजदाद नसते, पण बागेतील प्राणिजीवनाचा हिशेब त्यांना वगळून पुरा होत नाही. चळवळीचे श्रेय केवळ झाडांपुरते मानू नये, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

आराखड्यातून प्रत्यक्षात उतरलेली आणि सर्वाधिक गाजलेली भर म्हणजे हम्बोल्ट पेंग्विन. २६ जुलै २०१६ रोजी दक्षिण कोरियातील सोल येथून आठ पेंग्विन मुंबईत आले. विलगीकरणात असतानाच, २३ ऑक्टोबर २०१६ रोजी, डोरी ही जेमतेम दीड वर्षांची मादी जिवाणूसंसर्गाने दगावली. उरलेल्या सातांचे दालन मार्च २०१७ मध्ये लोकांसाठी खुले झाले, आणि त्याच वर्षी १ ऑगस्टपासून प्रौढांचे ५ रुपयांचे प्रवेशशुल्क ५० रुपये करण्यात आले. पेंग्विन म्हणजे बर्फ, अशी सर्वसाधारण समजूत असल्याने मुंबईच्या उकाड्यात त्यांना आणण्यावर पुष्कळ टीका झाली. वस्तुतः हम्बोल्ट पेंग्विन पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यावर राहतात. तेथील किनारा रखरखीत असतो. समुद्राचे पाणी मात्र दक्षिणेकडून येणाऱ्या प्रवाहामुळे थंड असते. छातीवरचा एकच काळा पट्टा आणि चोचीच्या मुळाशी असलेली गुलाबी, पिसे नसलेली कातडी ही त्यांची खूण. अंगातली जादा उष्णता ते या उघड्या कातडीवाटे बाहेर टाकतात. तरीही मुंबईची दमट हवा त्यांना मानवणारी नाही, म्हणून दालनाचे तापमान यंत्रांच्या साहाय्याने १६ ते १८ अंश सेल्सिअस राखावे लागते. मुंबईतील टीका त्यामुळे पूर्णपणे चूक होती असे नाही. तिने धरलेला मुद्दा चूक होता. खरा प्रश्न बर्फाचा नव्हता, तर वर्षाचे बारा महिने वीज, पाणीशुद्धी आणि तज्ज्ञ पशुवैद्यक यांच्यावर जगणारी जात शहराने अंगावर घ्यावी की नाही, हा होता.

मोल्ट आणि फ्लिपर या जोडीने ५ जुलै २०१८ रोजी अंडे घातले आणि १५ ऑगस्ट २०१८ रोजी त्यातून पिल्लू बाहेर आले. आठवड्याभरात, २२ ऑगस्टला, ते दगावले. अंड्यातील बलकाची पिशवी पिल्लाच्या शरीरात जिरायला हवी होती, ती तशीच राहिली आणि यकृताचे कामही बिघडले. पुढे २०२१ मध्ये जन्मलेले ओरिओ आणि ऑस्कर मात्र जगले, आणि पुढील काही वर्षांत पिल्ले वाढत जाऊन पेंग्विनांची संख्या आरंभीच्या सातांच्या दुपटीहून अधिक झाली. परदेशातून आणलेली जात येथे पैदास करू लागली, म्हणजे पुढची भर आता आयातीवर अवलंबून राहिली नाही, हा यातील महत्त्वाचा टप्पा होय. त्याचबरोबर एकाच छोट्या गटातून वंश वाढत असल्याने जवळच्या नात्यातली जोडी जमू न देणे आणि वाढलेले पक्षी इतर संग्रहालयांना देणे ही जबाबदारीही वाढली.

देशी जातींची पुनर्भरती पेंग्विनांइतकी चर्चेत राहिली नाही, परंतु संग्रहालयाच्या दृष्टीने ती अधिक मोलाची आहे. मंगळूरहून बिबटे आले, सुरतेहून अस्वले आली. तरसांसाठी नवे आवार झाले. माणूस जाळीच्या आत शिरून पक्ष्यांमधून चालत जाईल असा मोठा पक्षिविहारही उभा राहिला. फेब्रुवारी २०२० मध्ये औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) सिद्धार्थ उद्यानातून शक्ती आणि करिश्मा ही वाघांची जोडी आणण्यात आली आणि बागेतील वाघांचा खंड भरून निघाला. त्यांची मुलगी वीरा हिचा जन्म १४ नोव्हेंबर २०२१ रोजी झाला. जुन्या गजांच्या जागी आता जाड काच असून आत माती, झाडोरा आणि पोहण्यापुरते पाणी आहे. दुपारी वाघ पाण्यात मानेपर्यंत बसलेला असतो आणि काचेच्या अलीकडे मुले त्याच्या नाकाएवढ्या उंचीवर उभी असतात. पूर्वीच्या पिंजऱ्यात प्राणी इतका जवळ आणि तरीही इतका निवांत दिसत नसे.

महाराष्ट्रातील इतर शहरांनी हाच प्रश्न निराळ्या तऱ्हेने सोडवला. पुण्यात १९५३ मध्ये सुरू झालेल्या पेशवे पार्कमधील प्राणी टप्प्याटप्प्याने कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात हलवले गेले. सुमारे १३० एकरांच्या त्या जागेत १९९९ पासून मोठे खंदक करता आले. नागपूरला महाराजबागेची जुनी जागा कायम असली तरी जानेवारी २०२१ मध्ये गोरेवाडा येथे स्वतंत्र विस्तीर्ण प्राणिउद्यान खुले झाले. मुंबईला असा पर्याय भायखळ्यात उपलब्ध नव्हता. शेजारच्या मफतलाल गिरणीच्या जमिनीवर बाग वाढवून आणखी परदेशी प्राणी आणण्याच्या योजना त्यामुळेच वेळोवेळी मांडल्या गेल्या.

प्राण्यांचे मोल पैशांत न करता प्राण्याच्या बदल्यात प्राणी देण्याची पद्धत संग्रहालयांमध्ये रूढ आहे, आणि तीत कोणाच्या हाती काय आहे यावर यादी ठरते. जुनागढच्या सक्करबाग प्राणिसंग्रहालयातून आशियाई सिंह मिळवायचे तर बदल्यात झेब्रे द्यावे लागतील, अशी बोलणी राणीच्या बागेने केली. मुंबईकडे झेब्रे नव्हते, म्हणून ते आधी परदेशातून आणायचे ठरले. घोड्यांच्या जातीच्या प्राण्यांबरोबर आफ्रिकी अश्वरोग देशात शिरू नये यासाठी आयातीच्या अटी कडक असल्याने ते काम रखडले, आणि त्याबरोबर सिंहही अडले.