छतावर ऊन, तरी घरात लाइट नाही

ऑफ-ग्रिड सोलर समजावत बसत नाही. घरात इन्व्हर्टर-बॅटरी असलेल्याला ते निम्मं माहीतच असतं: पॅनेल बॅटरी भरतात, बॅटरी घर चालवते, काही वर्षांनी बॅटरी बदलण्याचा खर्च बसतो. महावितरणशी देणंघेणं नाही.

घोळ आहे तो ऑन-ग्रिडचा, म्हणजे बॅटरीशिवाय थेट महावितरणच्या लाइनीला जोडलेल्या सोलरचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पीएम सूर्यघर' योजना आली, ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळू लागलं आणि गल्लोगल्ली छतं निळी झाली. तेव्हापासून एकच तक्रार कानावर येते: "भर दुपारी लाइट गेली, वर ऊन रणरणतंय, आणि खाली पंखा बंद! मग सोलर बसवलं कशाला?" बिल कमी करायला बसवलंत. लाइट जाण्यावरचा तो उपाय नव्हताच. विकणाऱ्याने हे सांगितलं नसेल, तर राग त्याच्यावर काढा.

साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करणारा डबा, स्वतःच्या जोरावर घर चालवत नाही. खांबावरून येणारा २३० व्होल्टचा, सेकंदाला ५० आवर्तनांचा प्रवाह तो आधी बघतो आणि त्याच्याशी ताल जुळवून आपली वीज त्यात ढकलतो. लाइन गेली की ताल धरायला काही उरत नाही, म्हणून तो थांबतो.

आणि त्याने थांबलंच पाहिजे. डीपीवर लाइन बंद करून वायरमन खांबावर चढलाय आणि तुमच्या छतावरून वीज उलटी लाइनीत जातेय, असं समजा. डीपीतला ट्रान्सफॉर्मर दोन्ही बाजूंनी चालतो. इकडून २३० व्होल्ट शिरले तर पलीकडे ११,००० व्होल्ट उभे राहू शकतात. म्हणून लाइन गेल्यावर आपोआप बंद होणं ऑन-ग्रिड इन्व्हर्टरला सक्तीचं आहे. "जरा सेटिंग बदलून चालू करून द्या ना," असं सांगणाऱ्यांना मी हात जोडतो.

या गैरसमजाला शेतातला सौरपंपही थोडा जबाबदार आहे. तो लाइनीशिवाय, बॅटरीशिवाय दिवसा चालतो, मग घरचं का नाही? कारण पंपाला विजेचा एकसारखा दाब लागत नाही. ढग आला की मोटर मंदावते, पाणी कमी पडतं, एवढंच. फ्रिज आणि टीव्ही इतके सोशिक नसतात.

"ग्रिड हीच तुमची बॅटरी" हे विक्रेत्यांचं लाडकं वाक्य मला अजिबात आवडत नाही. नेट मीटरिंगमध्ये दुपारी दिलेली युनिट रात्री वापरलेल्या युनिटांतून वजा होतात, हे खरं. पण तो हिशेब आहे, साठा नव्हे. पासबुकात शिल्लक असली तरी बँक बंद असताना पैसे हातात येत नाहीत. रात्री स्कूटर चार्जिंगला लावून "आमची गाडी उन्हावर चालते" म्हणणाऱ्यांचंही तेच. बिलावर चालते; लाइट नसेल त्या रात्री चार्जही होत नाही.

मग घ्यायचं काय? शहरात, जिथे लाइट कधीमधी जाते, तिथे माझं मत ठाम आहे: साधं ऑन-ग्रिड घ्या आणि पंखे-दिव्यांसाठी घरातला जुना इन्व्हर्टर तसाच राहू द्या. तो लाइनीवर चार्ज होतो, त्याची युनिटही बिलात वळती होतात. फक्त त्याच्या आउटपुटला सोलरचा इन्व्हर्टर जोडायची हुशारी करू नका. लाइन आली असं समजून सोलरचा इन्व्हर्टर वीज ढकलू लागेल आणि बॅटरी किंवा इन्व्हर्टर खराब होईल. दिवसातून तासन्‌तास लाइट जात असेल तिथे मात्र हायब्रिडचे जास्तीचे पैसे वसूल होतात: ते लाइनीला जोडलेलं असतं, शिवाय बॅटरीही असते, आणि लाइन जाताच घर खांबापासून तुटून निवडक जोडण्या चालू राहतात. पूर्ण ऑफ-ग्रिड शहरात कशाला घ्यायचं, मला कळत नाही. सूर्यघरचं अनुदानही त्याला मिळत नाही.

पाणी तापवणाऱ्या नळ्यांनाही लोक 'सोलर'च म्हणतात. त्यांचा यातल्या कशाशी संबंध नाही.

आणि हो, लाइट परत आल्यावर ऑन-ग्रिड इन्व्हर्टर लगेच सुरू होत नाही. लाइन स्थिर आहे का ते काही मिनिटं तपासतो. तेवढ्यात बिघडला म्हणून मेकॅनिकला फोन लावू नका.