समर रिसर्च फेलोशिपचा अर्ज: चेताऊती (नर्व्हची ऊती) आणि बायोमटेरियलमध्ये (शरीरात वापरायच्या साहित्यात) काम करायचं असेल तर

पदवीला असतानाच खऱ्या प्रयोगशाळेत दोन महिने काम करायचं असेल, तर बेंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराज इथल्या तीन विज्ञान अकादम्यांची समर रिसर्च फेलोशिप बघा. तिघींना मिळून एकच ऑनलाइन अर्ज. बीएस्सी, बीई-बीटेकवाले भरू शकतात; कितवं वर्ष आणि किती टक्के, ते त्या वर्षीच्या सूचनेत वाचा. सूचना बहुधा दिवाळीच्या आगेमागे निघते. निवड झाली तर विद्यावेतन आणि रेल्वेभाडं मिळतं.

गुणपत्रिका स्कॅन करणं दहा मिनिटांचं काम. अर्ज अडतो तो संशोधनाच्या आवडीबद्दलच्या छोट्या टिपणात. ‘मणक्याला इजा झालेल्यांना मला चालतं करायचंय’ असं बरेच जण लिहितात. भावना चांगली, पण हातात आठवडे आठच! त्यापेक्षा हे बघा: ‘पॉलिकॅप्रोलॅक्टोनचे तंतू एकाच दिशेत असले, तर पीसी-१२ पेशींच्या शाखा त्याच दिशेने वाढतात का, हे मोजायचं आहे.’ पॉलिकॅप्रोलॅक्टोन म्हणजे शरीरात हळूहळू विरघळणारं प्लॅस्टिक; पीसी-१२ म्हणजे उंदराच्या गाठीतून आलेल्या पेशी. त्यांना नर्व्ह ग्रोथ फॅक्टर (चेतापेशींच्या वाढीला लागणारं प्रथिन) दिला की चेतापेशींसारख्या आठवड्याभरात शाखा दिसू लागतात, म्हणजे काम मुदतीत बसतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांना नैतिकता समितीची मंजुरी लागते, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका.

प्रश्न का महत्त्वाचा, तेही एका वाक्यात सांगा. हातापायातली तुटलेली नस (रक्तवाहिनी नव्हे, नर्व्ह) दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढते. अंतर मोठं असेल तर रुग्णाच्याच पायातली नस काढून जोडावी लागते. ती काढायची वेळ येऊ नये म्हणून मधल्या अंतरात वाट दाखवायला हे कृत्रिम तंतू.

शिफारसपत्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांकडून घ्या. ‘आज्ञाधारक व वक्तशीर’ एवढ्यावर संपलेलं पत्र मी पाहिलंय; सरांचा दोष नव्हता, मुलाने त्यांना काही दाखवलंच नव्हतं. आधी टिपण त्यांच्या हातात द्या, मग पत्र मागा.

मार्गदर्शक अकादम्या ठरवून देतात. तरी तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था किंवा आयआयटी मुंबईचा बायोसायन्सेस आणि बायोइंजिनिअरिंग विभाग इथे काय चालतं ते वाचून ठेवा, टिपणाला धार येते.

दोन महिने सलग द्यायचे असतात, आणि आपल्याकडे सेमिस्टरची परीक्षा मे-जूनपर्यंत लांबते. होकार कळवण्याआधी परीक्षेच्या तारखा मार्गदर्शकांना कळवा आणि कॉलेजचं ना-हरकत पत्र सुट्टी लागायच्या आत घ्या. नंतर ऑफिसात सही करायला कुणी सापडत नाही.